सगळ्यात पातळ जागा

गोळ्यांच्या पट्टीतून गोळी काढली की पारदर्शक प्लास्टिकचं एक रिकामं घर मागे उरतं. ते कधी बोटाने दाबून पाहिलंय का? (आयटीवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये ॲसिडिटीच्या गोळ्यांची एक तरी पट्टी असतेच, तेव्हा प्रयोगाला साहित्य कमी पडायचं नाही. :) ) पट्टीचा सपाट भाग चांगला कडक लागतो, पण त्या घराच्या कोपऱ्यात नखाने जरा टोचलं की प्लास्टिक लगेच चेपतं. खरं तर दोन्ही एकाच शीटचे भाग. शीट कारखान्यात आली तेव्हा सगळीकडे सारखीच जाड होती, साधारण पाव मिलिमीटर. मग कोपऱ्यातलं प्लास्टिक गेलं कुठे?

या प्रश्नाच्या मागे लागून माझे तीन-चार वीकेंड गेले. सुरुवात गोळ्यांच्या पट्टीपासून झाली आणि शेवट कृत्रिम पायापाशी. वाटेत आपलं पुणंच दोन-तीनदा भेटलं. म्हणून आजचा लेख.

आधी प्रक्रिया सांगतो. प्लास्टिकची शीट चौकटीत घट्ट पकडायची, मऊ होईपर्यंत तापवायची, साच्यावर आणायची आणि साच्याच्या बाजूने हवा ओढून घ्यायची. बाहेरच्या हवेचा दाब शीटला साच्यावर चोपून बसवतो. गार झालं की कडा कापायच्या, झाली वस्तू. याला थर्मोफॉर्मिंग म्हणतात. दह्याचे कप, फ्रिजच्या आतलं पांढरं अस्तर, मिठाईच्या खोक्यातले ट्रे, हे सगळं असंच बनतं.

यातला कळीचा शब्द आहे ‘घट्ट पकडायची’. कडा पकडलेल्या आहेत म्हणजे बाहेरून नवीन माल आत येणार नाही. आहे तेवढ्याच प्लास्टिकने जास्त क्षेत्रफळ झाकायचं. गणित शाळेतलंच आहे. गोल कप घेतला तर तळ आणि भिंत मिळून होणारं क्षेत्रफळ तोंडाच्या क्षेत्रफळाच्या (१ + ४ × उंची ÷ व्यास) पट असतं. उंची आणि व्यास सारखे असले तर पाचपट. म्हणजे १ मिलिमीटरच्या शीटपासून केलेल्या कपाची सरासरी जाडी ०.२ मिलिमीटर. सरासरी हं! प्रत्यक्षात काठाजवळ ती यापेक्षा जास्त असते आणि तळाच्या कोपऱ्यात बरीच कमी.

आता हेच भांडं तांब्याचं करायचं म्हटलं तर? त्यासाठी कसबा पेठेत जाऊ. तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याचं काम चालत आलंय. पूर्वी घरोघरी असणारे हंडे, घंगाळी, बंब अशाच आळ्यांत घडायचे. पत्र्यापासून हाताने खोल भांडं घडवायचं तर कारागीर गोल चकती घेतो, ती लोखंडी आधारावर फिरवत ठोकत नेतो, आणि ठोकता ठोकता तिचा घेर आत आत येत जातो. काठ कुणीही पकडून ठेवलेला नाही. तो मोकळा आहे, त्यामुळे भिंतीला लागणारा माल काठाकडून येत राहतो. २० सेंटीमीटर व्यासाचं आणि तेवढ्याच उंचीचं भांडं करायला जवळपास ४५ सेंटीमीटरची चकती लागते, पण पत्र्याची जाडी बरीचशी टिकून राहते. थर्मोफॉर्मिंगवाला २० सेंटीमीटरची चकती कडेने पकडतो आणि तेवढ्यातच भांडं बसवतो. तांबट तांब्याची किंमत मोजतो आणि थर्मोफॉर्मिंगवाला जाडीची.

दुसरा फरक तर मला फारच आवडला. तांबं ठोकलं की कडक होतं. म्हणजे जिथे ते जास्त ताणलं गेलं तिथे ते पुढच्या घावाला जास्त विरोध करणार आणि ताण आपोआप शेजारच्या मऊ भागात जाणार. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा निगेटिव्ह फीडबॅक, चूक स्वतःच स्वतःला आवरते. फारच कडक झालं की तांबट ते लालसर तापवून पुन्हा मऊ करतो आणि कामाला लागतो. शेवटी अंगभर जे मठारकाम होतं, त्या छोट्या छोट्या ठोक्यांनी भांड्याला चकाकी येते आणि ताकदही येते. गरम प्लास्टिकमध्ये असा फीडबॅक असेलच असं नाही. कुठे चार अंश जास्त तापलं की ती जागा जास्त मऊ होते, जास्त ताणते, पातळ होते, आणि पातळ झाली म्हणून अजून ताणते. ही साखळी कुठे थांबेल ते त्या प्लास्टिकच्या स्वभावावर ठरतं.

हा स्वभाव म्हणजे नेमकं काय, ते पुढे बघू. त्याआधी थोडा इतिहास.

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांना वैमानिकाच्या डोक्यावर पारदर्शक घुमट लागायचा. काच जड पडायची आणि तसे आकारही घ्यायची नाही. ॲक्रिलिक १९३० च्या दशकात बाजारात आलं होतं. त्याची शीट तापवायची, कडेने पकडायची आणि हवेने फुगवायची. फुग्याला साचा कुठेच टेकत नाही, त्यामुळे ओरखडा नाही आणि नजर स्वच्छ. युद्ध संपलं तेव्हा तापवून आकार देण्याची ही विद्या मोठ्या प्रमाणावर हाताशी आली होती. त्याच युद्धाने हजारो सैनिकांचे हातपाय नेले. त्यात हिंदुस्थानी सैनिक होते, आणि त्यांच्यासाठी १९४४ साली पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. वानवडीचं आर्टिफिशियल लिम्ब सेंटर ते हेच. नंतर तिथे नागरिकांवरही उपचार होऊ लागले. आपण रेसकोर्सकडून त्या बाजूला शंभर वेळा जातो, पण आत काय चालतं याचा विचार निदान मी तरी कधी केला नव्हता.

१९७१ च्या युद्धात सुरुंगावर पाय पडल्यावर आपला चिंधड्या झालेला पाय स्वतःच खुकरीने कापणारे गुरखा रेजिमेंटचे इयान कार्डोझो तुम्हाला माहीत असतील. मुंबईत जन्मलेला हा माणूस पुढे कृत्रिम पायावर बटालियनचा कमांडर झाला आणि मेजर जनरल म्हणून निवृत्त झाला. कृत्रिम पायासाठी ते पुण्याच्या या केंद्रातच आले होते. अशा माणसाच्या पायाच्या भिंतीची जाडी किती असावी, हा प्रश्न मग गोळ्यांच्या पट्टीइतका हलका राहत नाही.

कृत्रिम पायातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे सॉकेट. उरलेला पाय ज्या पेल्यासारख्या भागात बसतो तो. शरीराचं सगळं वजन इथेच उतरतं. सॉकेट सैल झालं तर कातडी घासते, घट्ट झालं तर जखम होते, आणि तडकलं तर माणूस पडतो. जुनी सॉकेट्स लाकूड कोरून किंवा चामड्याची करत. लाकडात जाडी पूर्णपणे कोरणाऱ्याच्या हातात, हवी तिथे ठेवायची आणि नको तिथे तासायची. मग धातू आला. मार्सेल डेसूटर नावाच्या इंग्रज वैमानिकाचा पाय १९१३ च्या अपघातात गेला. लाकडी पाय जड पडतो म्हणून त्याच्या भावाने, चार्ल्सने, त्याला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पाय करून दिला आणि दोघा भावांनी त्याचा धंदाच सुरू केला. यातही पत्रा सारख्या जाडीचा, आणि तो कुठे किती ठोकायचा ते कारागिराने ठरवायचं.

आपल्याकडची मोठी उडी १९६८ ची, जयपूरची. सवाई मानसिंग रुग्णालयातले डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा असा पाय केला की मांडी घालून बसता यावं, उकिडवं बसता यावं, अनवाणी शेतात जाता यावं. विलायती पायाला बूट लागायचा आणि खुर्ची लागायची. आपल्या शेतकऱ्याकडे दोन्ही नव्हतं. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रबरी पावलाच्या वरचा नळीचा भाग सुरुवातीला ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा होता. हातोड्याने ठोकून घडवलेला, म्हणजे तांबट आळीचंच तंत्र, फक्त धातू वेगळा.

त्यानंतर जयपूरवाल्यांनी शोधलेला उपाय मला इंजिनिअर म्हणून जबरदस्त वाटतो. शेतीला पाणी द्यायला वापरतात तो एचडीपीई पाइप! पायाचा प्लास्टरचा साचा करायचा, पाइपचा तुकडा भट्टीत मऊ करायचा आणि मोज्यासारखा साच्यावर ओढायचा. स्वस्त, कुठेही मिळणारा, पाण्याने न कुजणारा माल. आणि जाडीचं काय? पाइप लांबीला फारसा ताणला नाही असं धरलं तर हिशोब सोपा आहे. समजा पाइप ९० मिलिमीटर व्यासाचा आणि ५ मिलिमीटर जाड आहे. पायाचा जो भाग १२० मिलिमीटर रुंद आहे तिथे जाडी उरेल ५ × ९० ÷ १२०, म्हणजे पावणेचारच्या आसपास. घोट्याजवळ साचा निमुळता, तिथे ताण कमी आणि जाडी जास्त. सपाट शीट खोल साच्यात ओढण्यापेक्षा इथे ताण कितीतरी कमी. आकाराच्या जवळ जाणारा कच्चा माल निवडला की अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

शिवाय पाइपच्या प्लास्टिकचा स्वभावही इथे उपयोगी पडतो. पाइपसाठीचं एचडीपीई खूप लांब साखळ्यांचं असतं. १३० अंशांच्या आसपास त्यातले स्फटिक वितळतात, पण साखळ्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की माल मधासारखा ओघळत नाही, रबरासारखा तग धरतो. वितळल्यावरही वजन पेलायच्या या गुणाला मेल्ट स्ट्रेंग्थ म्हणतात. मघाशी ज्या स्वभावाची गोष्ट अर्धी सोडली तो हाच.

साधारण तीन गोष्टींवर भिंत कुठे पातळ होणार ते ठरतं. पहिली, प्लास्टिक कसं मऊ होतं. पॉलिस्टायरीन, एबीएस, ॲक्रिलिक यांच्यात स्फटिक नसतात, त्यामुळे ती हळूहळू मऊ होतात. शीटवर तापमान पाच-दहा अंश इकडे-तिकडे झालं तरी काम बिघडत नाही. पॉलिप्रॉपिलीन तसं नाही. १६५ अंशांच्या आसपास त्याचे स्फटिक वितळतात. त्याच्या जरा खाली ते हट्टी आणि वर गेलं की एकदम लेचंपेचं. कारखान्यातल्या माणसाला खेळायला जागाच कमी. दुसरी, मेल्ट स्ट्रेंग्थ. साधं पॉलिप्रॉपिलीन इथेही कच्चं, तापलेली शीट स्वतःच्याच वजनाने मधे लोंबते आणि साच्याला लागायच्या आधीच मधे पातळ होते. तिसरी, ताणल्यावर ते कडक होतं का. साखळ्यांना लांब फांद्या असल्या तर ताणताना त्या अडकतात आणि माल कडक होत जातो, म्हणजे तांब्यातला तो निगेटिव्ह फीडबॅक इथेही मिळतो. म्हणून खास फांद्यांचं पॉलिप्रॉपिलीन मुद्दाम बनवलं जातं.

वितळलेल्या प्लास्टिकच्या अशा वागण्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला ऱ्हिऑलॉजी म्हणतात, आणि त्यासाठी पाषाण रोडच्या पलीकडे जावं लागत नाही. १९५० साली सुरू झालेल्या आपल्या एनसीएलमध्ये १९७६ साली डॉ. रघुनाथ माशेलकर इंग्लंडहून परत येऊन रुजू झाले. त्यांचा विषयच हा, पाण्यासारखे सरळ न वागणारे द्रव. एनसीएलमध्ये पॉलिमरच्या ऱ्हिऑलॉजीवर तेव्हापासून काम होत आलंय. हळदीघाटीच्या लढाईवर बोलणारे माशेलकर सगळ्यांना माहीत आहेत, पण प्लास्टिक ताणलं की काय होतं या प्रश्नाशी त्यांच्या विषयाचं नातं आहे हे मला तरी आत्ताच कळलं.

या सगळ्यात चौथा खेळाडू म्हणजे साचा. गरम शीटचा जो भाग साच्याला आधी लागतो तो तिथेच गारठतो आणि त्याचं ताणणं थांबतं. पुढचा सगळा ताण न लागलेल्या भागावर. पोकळ साच्यात कोपरे शेवटी भरतात, म्हणून तिथली भिंत सगळ्यात पातळ. गोळीच्या घराच्या कोपऱ्यातलं प्लास्टिक असं आधीच भिंतींना चिकटून खर्च झालेलं असतं. उकडीचे मोदक केले असतील तर हे लगेच पटेल. पारी करताना बोटांना कळतं की इथे पातळ झाली, आणि आपण तिथला दाब कमी करतो. हवेच्या दाबाला बोटं नसतात.

आता पुन्हा पायाकडे. आज पॉलिप्रॉपिलीनची सॉकेट्स जगभर केली जातात. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९९० च्या दशकात युद्धग्रस्त देशांत हेच प्लास्टिक वापरलं, कारण ते स्वस्त, हलकं आणि वाकूनही न तुटणारं. शीट भट्टीत ठेवायची. दुधी पांढरी शीट स्फटिक वितळले की काचेसारखी पारदर्शक होते, हीच तयार झाल्याची खूण. मग ती प्लास्टरच्या साच्यावर पांघरून खालून हवा ओढायची. इथे दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध काम करतात. लोंबल्यामुळे शीटचा मधला भाग पातळ होत असतो, आणि साच्याच्या टोकाला तोच भाग आधी लागून गारठतो म्हणून पुढे टिकतो. भट्टीतून काढायला थोडा उशीर झाला की पहिली गोष्ट जिंकते आणि सॉकेटचं टोक पातळ निघतं. बाहेरून बघून कळतही नाही.

आणि हे थोडंसं पातळ किती महागात पडतं बघा. भिंतीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ४ मिलिमीटरची जागा ३ झाली तर जाडी २५ टक्के कमी झाली, पण कडकपणा ६४ वरून २७ वर आला, म्हणजे निम्म्याहूनही खाली. २ मिलिमीटर झाली तर आठवा हिस्सा. पायात दर पावलाला ही जागा वाकते आणि सरळ होते, दिवसाला हजारो वेळा. तडा जायचा तर तो इथूनच जाणार. शिवाय पॉलिप्रॉपिलीन गार होताना आकसतं. जाड भाग उशिरा गार होतो, पातळ लवकर, आणि त्या ओढाताणीत सॉकेट थोडं वाकडंही होऊ शकतं. मिलिमीटरभराच्या फरकाने कातडीवर फोड येतो, आणि मधुमेहाने पाय गेलेल्या माणसाला तो फोड परवडत नाही.

म्हणून चांगला तंत्रज्ञ शीट निवडताना शेवटी उरणाऱ्या सगळ्यात पातळ जागेचा विचार करून उलटा हिशोब करतो, आणि सॉकेट कापल्यावर कॅलिपर लावून जाडी मोजतो. फिटिंग तपासायला आधी पारदर्शक प्लास्टिकचं सॉकेट करतात, म्हणजे कातडी कुठे दाबली जाऊन पांढरी पडते ते दिसतं. त्यातही पॉलिकार्बोनेट वापरलं तर स्वभाव आलाच! ते हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि न वाळवता तापवलं तर आत बुडबुडे येतात. पुण्याच्या जुलैमध्ये हे किती सांभाळावं लागत असेल कल्पना करा.

लाकडाच्या काळात जाडी हाताने ठरायची, ॲल्युमिनियममध्ये हातोड्याने. थर्मोफॉर्मिंगने पाय स्वस्त केले, तासाभराच्या कामावर आणले, आणि त्या बदल्यात जाडी ठरवायचा अधिकार बराचसा प्लास्टिकच्या साखळ्यांकडे गेला. हा सौदा मला तरी योग्यच वाटतो. ज्याला पायच मिळत नव्हता त्याला मिळाला. आता थ्रीडी प्रिंटिंगने जाडी पुन्हा डिझाइन करणाऱ्याच्या हातात येतेय, पण थरांमधल्या जोडाची ताकद हा त्याचा वेगळा प्रश्न आहे. एक काळजी संपली की दुसरी हजर.

आपल्या धंद्यात सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम दाखवून मीटिंग जिंकणारे लोक असतात. हजारातल्या ज्या दहा युजरचं पान उघडलंच नाही, ते त्या सरासरीत दिसत नाहीत. सॉकेटचंही तसंच, सरासरी साडेतीन मिलिमीटर असून भागत नाही. पाय घालून उसाच्या सरीत उतरलेल्या माणसाचं वजन शेवटी त्या एकाच पातळ जागेवर येणार असतं.

असो. लेख लांबला. वानवडीच्या बाजूला गेलात तर त्या केंद्राच्या पाटीकडे एकदा नजर टाका. भेटू पुढच्या शनिवारी.